पन्नाशीतला शिक्का

आमच्या नेब्रास्कात इंजिनिअरला स्वतःच्या नावाचा शिक्का साधारण सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी मिळतो. कॉलेज संपवायचं, एक परीक्षा द्यायची, मग चार वर्षं कुणा परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली काढायची आणि शेवटी ती मोठी परीक्षा द्यायची. ती पास झालात की राज्य तुम्हाला परवाना देतं आणि तुम्ही आपल्या नावाचा गोल शिक्का करून घेता. त्या दिवसापासून तुम्ही सही केलेला पूल पडला तर लोक तुमच्या दारात येतात. माझ्या बायकोला, जनेलला, तो शिक्का पन्नासाव्या वर्षी मिळाला. त्याच महिन्यात आमच्या मुलीला, ब्रेनालाही मिळाला. ती सव्वीस वर्षांची आहे.

यावर हसायचं असेल तर हसून घ्या. आम्ही घरात पुष्कळ हसून घेतलंय.

उशीर का झाला, याला काही मोठं कारण नाही. पहिली परीक्षा तिनं कॉलेजातच उरकली होती आणि लगेच आमच्या काउंटीच्या रस्ते खात्यात लोवेल टीडमन यांच्या हाताखाली लागली. मोठी परीक्षा वर्षातून दोनदा असायची, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. एप्रिल आला की ती म्हणायची, ऑक्टोबरला बसते. ऑक्टोबर आला की म्हणायची, हिवाळ्यात नीट अभ्यास करते आणि एप्रिलला बसते. मध्ये ब्रेना झाली, मग माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं, मग माझी आई आमच्याकडे राहायला आली आणि अंथरुणालाच खिळली. दर खेपेला जनेलची पुस्तकं कपाटात एक कप्पा वर सरकत गेली. मी शाळेची बस चालवतो. मी तिला कधी अडवलं नाही, पण ढकललंही नाही, हे खरं.

आणि लोवेल होतेच की. काउंटीतले पूल तपासायचे जनेलनं, आकडेमोड जनेलची, नकाशे जनेलचे. लोवेल प्रत्येक ओळ वाचायचे, नको तिथे बोट ठेवून चार प्रश्न विचारायचे, स्वतः जाऊन बघून यायचे आणि मग शिक्का मारायचे. माणूस असा, की ख्रिसमसच्या आदल्या दिवशीही ऑफिसात सगळ्यांच्या आधी हजर. वर्षातून एकाच सकाळी उशिरा यायचे, शाळा उघडते त्या दिवशी. मासे धरायला जायचे म्हणे. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतायचे आणि टोपलीत एक मासा नसायचा. दर ऑगस्टला ऑफिसात त्यांची टिंगल ठरलेली. जनेल घरी येऊन सांगायची, "आजही हात हलवत आले. अरे, टर्टल क्रीकमधल्या माशांनाही कळलंय की म्हाताऱ्याला गळ टाकता येत नाही."

या टर्टल क्रीक नावाच्या ओढ्यावरच आमच्या गोष्टीतला पूल आहे. लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. पलीकडे शेतकऱ्यांची सहा-सात घरं. मी वीसेक वर्षं तिथून शाळेची छोटी बस नेतोय. फळ्यांचा असा खडखडाट होतो की नवखा माणूस ब्रेक दाबेल. बसमधल्या पोरांचा एक नियम आहे. पूल आला की सगळ्यांनी पाय वर उचलायचे आणि श्वास रोखायचा, म्हणजे बस हलकी होते. पूल संपला की सगळी एकदम हुश्श करतात. मोठी झाली की हायस्कूलच्या बसमध्ये जातात, पण धाकटी भावंडं तोच नियम पुढे चालवतात. मी कधी श्वास रोखला नाही. मला काय करायचंय, मी रेडिओवर मक्याचे भाव ऐकत असायचो.

जनेलला मात्र तो पूल डोळ्यांसमोर नको असायचा. दर तपासणीनंतर ती लिहायची, पूल बंद करावा. लोवेल वाचायचे, जाऊन बघायचे, कधी वजनाची मर्यादा कमी करायचे, कधी चार फळ्या बदलून घ्यायचे, पण पूल चालू ठेवायचे. त्या दिवशी आमच्याकडे स्वयंपाकघरात भांडी आदळायची.

"म्हातारा हट्टी आहे," जनेल म्हणायची. "माझ्याकडे शिक्का असता ना ड्वेन, तर उद्याच्या उद्या दोन्ही टोकांना अडसर टाकला असता."

"मग घे की शिक्का."

"तू गप भांडी पूस."

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण लोवेलनी सत्तरी ओलांडली आणि जूनअखेर घरी बसायचं जाहीर केलं. काउंटीच्या मंडळानं स्पष्ट सांगितलं, खात्यात परवाना असलेलं कुणी नसेल तर काम बाहेरच्या कंपनीला देऊ. आता मात्र जनेलच्या गळ्याशी आलं. तिनं पुस्तकं खाली काढली. योगायोग असा, की ब्रेना तेव्हा ओमाहातल्या एका मोठ्या कंपनीत चार वर्षं पुरी करत होती. म्हणजे एप्रिलमध्ये एकाच परीक्षेला माझी बायको आणि माझी मुलगी.

परीक्षा जत्रेच्या मैदानातल्या मोठ्या हॉलमध्ये होती, जिथं उन्हाळ्यात बक्षिसाचे बैल बांधतात. पुस्तकं आत न्यायला परवानगी, पण सुटा कागद एकही चालत नाही, सगळं बांधलेलं हवं. त्यामुळे ही मंडळी चार-चार पेट्या पुस्तकं ढकलत येतात. ब्रेनाची चाकांची झकास बॅग होती. जनेलनं ब्रेनाच्या लहानपणची लाल खेळगाडी काढली, हाताने ओढायची, आणि तिच्यावर पुस्तकांचा डोंगर रचला. तिच्या सुट्या टिपणांना भोकं पाडून मी बुटाच्या नाड्यांनी बांधून दिलं होतं.

दारावरच्या माणसानं जनेलला हात आडवा केला. "पालकांनी इथपर्यंतच हं, मॅडम."

ब्रेना खो-खो हसली. "अहो, ती परीक्षा द्यायला आलीय. तिला सोडायला मी आलेय असं समजा."

जनेल हसली नाही. गाडी ओढत आत गेली. मी बाहेर ट्रकमध्ये बसून होतो. आत जाणारी सगळी पोरं ब्रेनाच्या वयाची, आणि त्यांच्यामध्ये ती पांढऱ्या केसांची एक बट आणि ती लाल गाडी. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, मी हिला थोडं ढकलायला हवं होतं.

दोघीही पास झाल्या. जूनच्या शेवटी चर्चच्या तळघरात लोवेलचा निरोप आणि या दोघींचं कौतुक असं एकत्रच उरकलं. जूनचा उकाडा, तरी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि तिच्याबरोबर दालचिनीचे रोल. ब्रेनानं लोवेलना विचारलं, "तुम्हाला कितव्या वर्षी मिळाला शिक्का?"

"सत्ताविसाव्या," लोवेल म्हणाले. "चांगला गुळगुळीत, चकचकीत. लिंकनमधल्या एका कंपनीत होतो. तिथं माझ्यावर तीन साहेब. शिक्का माझा, पण निर्णय साहेबांचे. मग चाळिशीत इथं आलो आणि माझ्यावर कुणी नव्हतं."

"मग?"

"मग काय. मासे धरायला जायला लागलो."

सगळे हसले. मीही हसलो. लोवेलनी रोलचा तुकडा चिलीत बुडवला आणि विषय बदलला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पूल तपासणीचा कागद जनेलच्या टेबलावर आला. आता वरच्या कोपऱ्यात लोवेलचं नाव नव्हतं. शाळा ऑगस्टच्या मध्यात उघडते, त्याआधी काय ते ठरवायला हवं होतं. मी निवांत होतो. वीस वर्षं ऐकत आलो होतो ना, शिक्का मिळाला की दुसऱ्या दिवशी अडसर. मी हायवेवरून जायचा लांबचा रस्ता मनात आखूनही टाकला होता.

पण दुसरा दिवस गेला, आठवडा गेला, अडसर काही पडला नाही. जनेल रोज टर्टल क्रीकला जायची. कमरेपर्यंत रबरी बूट चढवून पाण्यात उभी राहायची, हातोडीनं एकेक दांडी ठोकायची आणि कान लावायची. एकदा ती लोवेलच्या घरी गेली, इतकी वर्षं पूल का चालू ठेवला हे विचारायला. परत आली ती फणफणत.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझं कारण सांगितलं तर तू तेच उचलशील. तुझं तू शोध. आणि मला टोमॅटो दिले पिशवीभर."

"टोमॅटो चांगले आहेत."

"ड्वेन, मी तुला टोमॅटोनं मारेन."

मग एका शनिवारी तिनं काउंटीचा खडीचा ट्रक मागवला. सुट्टीला आलेली ब्रेना आणि मी काठावर गवतात बसून बघत होतो. ट्रक पुलावर मधोमध उभा केला, आधी रिकामा, मग थोडी खडी भरून, मग आणखी. जनेल खाली, हातात मोजायचं यंत्र. दर वेळी पूल किती वाकतो ते ती मोजत होती, आणि ट्रक मागे घेतला की तो जागेवर येतो का तेही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. लोखंड कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि ट्रकवाला दरवाजा उघडा ठेवून, एक पाय बाहेर काढून बसला होता.

पूल वाकला. पण जनेलच्या कागदांनी वीस वर्षं जेवढं सांगितलं होतं, त्याच्या निम्म्यानंही नाही. आणि दर वेळी जागेवर आला.

मला वाटलं, ती खूश होईल. ती वर आली, गवतात आमच्याजवळ बसली आणि बुटातलं पाणी ओतून टाकलं. तोंड असं, की कुणी गेलंय.

"अगं, चांगलं झालं ना?" मी विचारलं.

"मी खोटं नाही लिहिलं कधी," ती म्हणाली. "गंज आहे. तो आहेच. पण जिथं जिथं मला शंका आली, तिथं मी वाईटातला वाईट आकडा धरला. एका ठिकाणी नाही, दहा ठिकाणी. मग त्या दहांची बेरीज. अशी बेरीज केली तर आपल्या घराचं छपरसुद्धा आज रात्री पडेल."

"सावध राहिलीस, मॉम," ब्रेना म्हणाली. "तेच शिकवतात आम्हाला."

"सावध नाही गं. खाली सही लोवेलची होती. मी कितीही कडक झाले तरी मला काय पडणार होतं? पूल चालू राहिला तर लोवेलच्या जिवावर, बंद झाला तरी शिव्या लोवेलनाच. मी आपली वीस वर्षं बरोबर असल्याच्या थाटात घरी येऊन भांडी आदळली."

ब्रेनानं गवताची काडी तोडली. ती हुशार आहे, आईवर गेलीय, पण तिच्या वयात बोलण्याला ब्रेक नसतो. "मॉम, एक सांगू? बंद कर. पुस्तकात बसतं. पूल बंद केला म्हणून कुणाचा परवाना गेल्याचं मी ऐकलं नाही. चालू ठेवला म्हणून गेल्याचं ऐकलंय. तुला आत्ता कुठे मिळालाय तो. पन्नासाव्या वर्षी."

शेवटचे दोन शब्द नसते तर बरं झालं असतं. ब्रेनालाही ते लगेच कळलं आणि ती लाल झाली.

जनेल रागावली नाही. "बसतं पुस्तकात," ती म्हणाली. "मग पलीकडची पोरं तासभर आधी उठणार, आणि तुझा बाप त्यांना हायवेवरून नेणार. सप्टेंबर-ऑक्टोबरात, मक्याच्या ट्रकांच्या रांगेतून, धुक्यात. तिथं काही झालं तर माझं नाव कुठेच येणार नाही. म्हणून मला बंद करणं एवढं सोपं वाटतंय. आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते."

त्या हायवेची मलाही भीती वाटते, पण ते बोलून दाखवणं म्हणजे तिच्या पारड्यात माझं वजन टाकणं झालं असतं.

तिनं अजून दोन आठवडे घेतले. पुलाच्या दोन लोंबत्या दांड्या बदलून घेतल्या, फळ्यांची एक पूर्ण ओळ नवी टाकली, वजनाची मर्यादा आणखी खाली आणली. एका वेळी एकच गाडी, माणूस चालेल त्या वेगानं, आणि तपासणी वर्षातून दोनदा. माझी छोटी बस पोरांसकट त्या मर्यादेत बसत होती, थोडी जागा ठेवून. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी तिनं कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरले. शिक्का डबीतून काढला. आधी वर्तमानपत्राच्या कडेला मारून बघितला, एकदा, दोनदा, चारदा. गोलात तिचं नाव, जनेल हावेल्का, आणि परवान्याचा आकडा. मग खऱ्या कागदावर मारला आणि वरून आडवी सही केली. हात थरथरत होता. तिनं ते लपवलं नाही.

आता मी माझी लाज सांगतो. सोमवारी शाळा उघडायची होती. सकाळी कॉफी पिता पिता माझ्या तोंडून गेलं, "नक्की ना, जनेल?"

तिनं कप खाली ठेवला. "काय नक्की?"

"पूल. म्हणजे, आज बसमध्ये चौदा पोरं असतील."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"वीस वर्षं त्याच पुलावरून जातोस," ती म्हणाली. "तेव्हा तो आजच्यापेक्षा कमकुवत होता. लोवेलना कधी विचारलंस, नक्की ना?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही. लोवेलची सही म्हणजे माझ्या लेखी डोंगर, नदी, आकाश यांच्यासारखी गोष्ट होती. त्यात कुणा माणसाचा हात थरथरला असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि ही बाई, जिनं माझ्या आईचं सगळं केलं, जिनं त्या पुलाची प्रत्येक दांडी ठोकून बघितली, जिच्या आकड्यांवर लोवेलनी इतकी वर्षं भरवसा ठेवला, तिला मी विचारत होतो, नक्की ना. शिक्का पन्नासाव्या वर्षी मिळाला म्हणून? की बायको म्हणून? मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल.

तिनं गाडीच्या किल्ल्या उचलल्या आणि ती गेली. ऑफिस उघडायला अजून वेळ होता.

मी बस काढली. पलीकडची पोरं घ्यायला जाताना मला मोकळी बस घेऊन त्याच पुलावरून जायचं असतं. पण त्या सकाळी वरच्या टोकाची घरं आधी घ्यावीत म्हणून मी लांबून वळसा घेऊन पलीकडे गेलो. असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मी घाबरलो होतो आणि मोकळ्या बसनंही त्या पुलावर जायचं टाळत होतो. चौदा पोरं चढली. नवीन दप्तरं, नवीन बूट, एकीच्या हातात सूर्यफूल. आता वळशाला वेळ नव्हता. आता पूलच होता.

पुलाच्या चढावर आलो तर समोरच्या टोकाला काउंटीची पांढरी गाडी उभी. जनेलची. आत कुणी नाही. तिच्या मागे आणखी एक जुना हिरवा ट्रक, तो कुणाचा ते काउंटीतलं पोरही सांगेल.

मी बस थांबवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या पुलावर जायच्या आधी खिडकीतून खाली बघितलं.

पाण्यात, पुलाच्या बरोबर मधोमध खाली, जनेल उभी होती. कमरेपर्यंतचे रबरी बूट, हात छातीशी घट्ट धरलेले, मान वर. आणि तिच्या शेजारी लोवेल टीडमन. त्यांच्या हातात गळाची काठी होती, पण ती त्यांनी आधाराच्या काठीसारखी चिखलात रोवली होती आणि तिच्यावर भार टाकून तेही वर, फळ्यांकडे बघत होते.

दरवर्षी. शाळा उघडते त्या दिवशी. मी वरून मक्याचे भाव ऐकत जात होतो, आणि हा माणूस माझ्या बसखाली उभा राहून मी पलीकडे जाईपर्यंत वाट बघत होता. पूल पडला असता तर आधी त्यांच्यावर पडला असता. आमच्या बायका, पोरं, ऑफिसातली मंडळी, सगळ्यांनी त्यांच्या रिकाम्या टोपलीची थट्टा केली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला वेळ नव्हता.

"मिस्टर ड्वेन," मागून ओपल ओरडली, ती सूर्यफूलवाली, "जायचं ना? आम्ही पाय उचलले!"

"हो, जायचं," मी म्हणालो, आणि रेडिओ बंद केला.

माणूस चालेल त्या वेगानं मी बस पुलावर घातली. फळ्या खडखडल्या, पण नव्या ओळीवर आवाज बदलला, भरीव झाला. मागे अगदी शांत. आरशात बुटांच्या चौदा जोड्या हवेत. पूल संपला आणि पोरांनी हुश्श केलं.

"मिस्टर ड्वेननीपण श्वास रोखला होता!" ओपलनं जाहीर केलं. "मी बघितलं!"

"मग? नियम नियम आहे," मी म्हणालो.

मी पुलापासून थोडं पुढे बस उभी केली आणि दार उघडलं. दोघं काठ चढून वर येत होते. लोवेल म्हातारे झालेत, जनेल त्यांना कोपराला धरून चढवत होती. दोघांच्या गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्याजवळ आली तेव्हा जनेलचा चेहरा सकाळी कॉफीच्या वेळी होता तसा नव्हता. थकलेला होता, पण मोकळा.

"मी खाली उतरले, तर हे आधीच येऊन उभे," ती म्हणाली. "विचारलं, इथं काय करताय? तर म्हणाले, थोडी पलीकडे सरक, तिथं पाय रुततो. जागा पाठ आहे त्यांना."

मला तिची माफी मागायची होती. चौदा पोरं माना बाहेर काढून बघत होती. मग मी खाली उतरलो आणि तिचा चिखलाचा हात हातात घेतला. "जनेल, चुकलो," एवढंच म्हणालो. तिनं माझा हात दाबला, जोरात.

"मिस्टर टीडमन!" ओपलनं खिडकीतून विचारलं. "काही मिळालं का?"

लोवेलनी रिकामी टोपली तिला उलटी करून दाखवली. त्यांच्या काठीला गळच नव्हता, नुसता दोरा लोंबत होता.

"काही नाही, बाळ," ते म्हणाले. "इतकी वर्षं येतोय, एकदाही काही मिळालं नाही. देवाची कृपा." मग त्यांनी ती काठी जनेलच्या हातात दिली आणि स्वतःच्या ट्रककडे चालू लागले.

शाळेला उशीर झाला होता. मी दार लावलं आणि बस सुरू केली.